आयआयटीचा निकाल घरी येतो तेव्हा

जून महिना लागला की आमच्या फोनवर दोन प्रकारचे निरोप येतात. पहिला निरोप ऐन निकालाच्या दिवसांतला. बोलणाऱ्याच्या आवाजात आनंद मावत नसतो. “टीचर, माशाअल्लाह, मुलगा आयआयटी पास झाला!” मोहल्ल्यात पेढे वाटले जातात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मुबारकबादची रांग लागते, मामू हार घेऊन येतात. दुसरा निरोप त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी येतो आणि आवाज खाली गेलेला असतो. “टीचर, पास झाला होता ना? मग जागा का नाही दिली? आपलं नाव बघून तर नाही ना सोडलं?”

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. भाड्याच्या खोलीसाठी चार दारांवर नाव सांगून ज्या घराने नकार ऐकला आहे, त्या घराला प्रत्येक बंद दारामागे तोच नकार दिसणं साहजिक आहे. पण आयआयटीच्या प्रवेशाच्या बाबतीत उत्तर वेगळं आहे आणि ते नीट समजून घेतलं नाही तर नुकसान आपलंच होतं. तिथली जागा नावावरून जात नाही. ती जाते गैरसमजापायी, अपुऱ्या कागदांपायी आणि चुकलेल्या वेळेपायी. या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातातल्या आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर बोलू या.

‘पास’ म्हणजे नेमकं काय?

देशात २३ आयआयटी आहेत. तिथल्या बी.टेक.ला जायचं तर दोन पायऱ्या चढाव्या लागतात. २०१३ पासून ही पद्धत चालू आहे. पहिली पायरी जेईई मेन. ती आता तेरा भाषांत देता येते आणि त्यात मराठी आहे, उर्दूही आहे. मेनमधले वरचे सुमारे अडीच लाख विद्यार्थी दुसऱ्या पायरीला, म्हणजे जेईई ॲडव्हान्स्डला, पात्र ठरतात. ही दुसरी परीक्षा मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत होते. उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला विषय येत असतो, पण प्रश्न वाचण्यातच त्याची मिनिटं जातात. म्हणून आठवी-नववीपासूनच गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, असं आम्ही वर्गात सांगत असतो.

आता २०२४ सालचे आकडे पाहा. मेनला सुमारे १४ लाख मुलं बसली. ॲडव्हान्स्डचे दोन्ही पेपर १,८०,२०० मुलांनी दिले. त्यांतली ४८,२४८ मुलं ‘क्वालिफाय’ झाली. आणि सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या १७,७४०.

वजाबाकी करून बघा. तीस हजारांहून जास्त मुलं ‘पास’ झाली आणि तरी त्यांच्यासाठी आयआयटीत जागाच नव्हती. त्यांत सगळ्या धर्मांची, सगळ्या जातींची मुलं होती. क्वालिफाय होणं म्हणजे रांगेत उभं राहण्याचा नंबर मिळणं. नंबर मिळाला हे खरं, पण धान्य संपायच्या आत तो येईल की नाही, ते पुढे किती जण उभे आहेत त्यावर ठरतं. या नंबरालाच रँक म्हणतात.

पेढे वाटू नयेत असं आमचं म्हणणं नाही. १४ लाखांतून ४८ हजारांत येणं ही कमाईच आहे आणि पोराच्या मेहनतीची कदर व्हायलाच हवी. फक्त पेढा देताना “पास झाला” म्हणण्याऐवजी “चांगली रँक आली, आता जागेसाठी दुआ करा” एवढं म्हणावं. मग दोन आठवड्यांनी त्या मुलाला गल्लीतून मान खाली घालून जावं लागत नाही.

जागा वाटणारं यंत्र काय बघतं?

ॲडव्हान्स्डचा निकाल लागला की ‘जोसा’ नावाची संयुक्त व्यवस्था जागावाटप सुरू करते. २०१५ पासून आयआयटी, एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या निधीवरच्या इतर तंत्रसंस्था यांचं वाटप एकत्र होतं. २०२४ मध्ये अशा १२१ संस्था होत्या. मूल घरी बसून संगणकावर आपल्या पसंतीची यादी भरतं. पहिली पसंती अमुक आयआयटीत अमुक शाखा, दुसरी तमुक, असं करत शे-दोनशे पसंती भरल्या तरी चालतं. जागा ठरवताना संगणक चारच गोष्टी बघतो. मुलाची रँक, त्याचा प्रवर्ग, मुलगा की मुलगी, आणि त्याने लिहिलेला पसंतीक्रम. नाव, वडिलांचं नाव, मोहल्ला यांतलं काहीही त्या हिशेबात येत नाही. मुलाखत नाही, शिफारस नाही, कुणाच्या ओळखीचा फोन नाही. शिवाय प्रत्येक शाखेत पहिली आणि शेवटची जागा कोणत्या रँकला गेली, ते दरवर्षी जाहीर होतं. ज्याला शंका असेल त्याने आपल्या मुलाची रँक त्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी.

या वाटपामागचं गणितही समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याची सुरुवात रिश्ते जुळवण्याच्या उदाहरणातून झाली. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली एक छोटा निबंध लिहिला. विषय होता कॉलेजप्रवेश आणि लग्नांची स्थिरता. त्यांचा विचार आपल्या घरातल्या भाषेत असा सांगता येईल. प्रत्येक मुलाकडून त्याच्या पहिल्या पसंतीच्या घरी पैगाम जातो. मुलीकडचे लगेच हो म्हणत नाहीत. आलेल्या पैगामांतला सर्वांत चांगला तेवढा हातात ठेवतात आणि बाकीच्यांना नकार कळवतात. नकार मिळालेले आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. तिथे आधी हातात ठेवलेल्यापेक्षा नवा पैगाम सरस वाटला, तर जुना सोडून नवा ठेवला जातो. असं करत करत कुणाला पुढे जायचं उरत नाही, तेव्हा सगळे रिश्ते पक्के होतात. अशा वाटपानंतर आधीचा जोडीदार सोडून एकमेकांकडे जावं असं दोघांनाही वाटेल, अशी जोडी उरत नाही. याच कामासाठी पुढे २०१२ मध्ये शॅप्लींना ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते.

जोसाचा संगणक हेच करतो. पैगाम मुलाकडून जातात आणि शाखा त्यांतले सरस रँकचे हातात ठेवते. यातून पालकांच्या कामाची एक गोष्ट निघते. अनेक घरांत भीती असते की वरची शाखा पहिल्या नंबरावर लिहिली आणि ती मिळाली नाही, तर खालचं हातचंही जाईल. म्हणून लोक जपून, आधीच कमी लेखून यादी भरतात. ही भीती निराधार आहे. वरून नकार आल्यावर पैगाम खालच्या पसंतीकडे जातो, तेव्हा तिथे तो उशिरा आला म्हणून मागे पडत नाही. तिथे फक्त रँक बघितली जाते. तेव्हा जे मनापासून हवं ते पहिल्या नंबरावर लिहावं, त्यानंतर जे हवं ते दुसऱ्यावर. खरी पसंती खऱ्या क्रमाने लिहिणाऱ्याचं यात नुकसान होत नाही. उलट जपून लिहिणारा कधीकधी मिळण्यासारखी जागा स्वतःच सोडून देतो.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. जिथे मुलाला पाठवायचंच नाही, ते यादीत लिहू नये. आणि जिथे पाठवता येईल, ते लिहायचं सोडू नये, कारण यादी एकदा लॉक झाली की पुढच्या फेऱ्यांत ती बदलता येत नाही. लॉक करण्याआधी जोसा नमुन्यादाखल वाटप दाखवतं. त्या दिवशी घरातल्यांनी एकत्र बसून यादी पुन्हा वाचावी.

तीन इंग्रजी शब्द आणि एक घड्याळ

२०२४ साली पहिल्या फेरीचा निकाल २० जूनला लागला आणि पाच फेऱ्या जुलैच्या मध्यापर्यंत चालल्या. फेऱ्यांची संख्या वर्षागणिक थोडी बदलते, पण रीत तीच असते. संध्याकाळी मूल आपला नंबर टाकून पान उघडतं. तिथे संस्थेचं आणि शाखेचं नाव असतं किंवा या फेरीत जागा मिळाली नसल्याचं लिहिलेलं असतं. जागा मिळाली असेल, तर दिलेल्या मुदतीत तीन कामं करायची असतात. जागास्वीकृतीची रक्कम भरायची, कागदपत्रं अपलोड करायची आणि तीन शब्दांतला एक निवडायचा.

फ्रीझ म्हणजे मिळालं ते कबूल, आता पुढे काही नको. फ्लोट म्हणजे हे कबूल, पण माझ्या यादीत याच्या वरचं काहीही, कुठल्याही संस्थेत, पुढच्या फेरीत मिळालं तर ते द्या. स्लाइड म्हणजे संस्था हीच राहू द्या, फक्त इथलीच वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर द्या. फ्लोट किंवा स्लाइड घेतल्याने हातातली जागा धोक्यात येत नाही. वरची मिळाली तर बदलते, नाही मिळाली तर आहे ती राहते. पण एकदा वरची मिळाली की खालची आपोआप सुटते, मग परत मागता येत नाही. म्हणूनच यादीचा क्रम खरा असायला हवा.

आणि मुदतीत काहीच केलं नाही तर? जागा रद्द होते, इतकंच नाही, तर ते मूल जोसाच्या पुढच्या सगळ्या फेऱ्यांतून बाहेर पडतं. ही एक ओळ पालकांनी ठळक अक्षरात लिहून घड्याळाखाली चिकटवावी.

आमच्या शाळेतून दहावी झालेली एक मुलगी. तिला पहिल्याच फेरीत पूर्वेकडच्या एका आयआयटीत सिव्हिलची जागा मिळाली. अब्बा आखातात नोकरीला. घरात दादी, अम्मी आणि दोन चाचा. बैठक बसली. दादी म्हणाल्या, इतक्या लांब मुलीला कसं पाठवायचं? थोरले चाचा म्हणाले, घाई कशाला, पुढच्या फेरीत पवई येईल. अब्बांचा फोन त्यांची शिफ्ट संपल्यावर लागायचा. तीन दिवस बोलणी चालली. त्या तीन दिवसांत कुणी “नको” म्हटलं नाही की “हो” म्हटलं नाही. चौथ्या दिवशी अब्बांनी पैसे पाठवले, तेव्हा पान बंद झालं होतं. पुढची फेरी तिच्यासाठी नव्हतीच. पैसे भरून फ्लोट घेतलं असतं, तर बैठक आणखी तीन आठवडे चालवता आली असती. शेवटच्या फेरीआधी माघार घेण्याचीही सोय असते आणि थोडी प्रक्रिया फी कापून रक्कम परत मिळते. तिच्या घरात कुणी वाईट वागलं नाही. सगळ्यांना तिचं भलंच हवं होतं. फक्त घड्याळाकडे कुणी बघितलं नाही.

म्हणून आमचं सांगणं असं, की लांब पाठवायचं का, कुठवर पाठवायचं, खर्च कोण करणार, शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळं यादी लॉक होण्याआधी ठरवा. अब्बा परदेशात असतील तर त्या आठवड्यात त्यांनी कोणत्या वेळी फोन उचलायचा, तेही ठरवा. स्वीकृतीची रक्कम मोठी असते. राखीव प्रवर्गातल्या काहींना कमी लागते, पण इतरांसाठी ती अलीकडे तीस हजार किंवा त्याहून जास्त राहिली आहे. ती आधीच खात्यात तयार ठेवा. बँकेची एका दिवसाची मर्यादा आडवी येऊन पैसे अडकल्याचंही आम्ही पाहिलं आहे.

कागद उन्हाळ्यातच काढा

आता दुसरं कारण, कागद. महाराष्ट्रातल्या अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसींच्या यादीत आहेत. पण आयआयटी केंद्राची संस्था आहे आणि तिथे केंद्राची यादी चालते. राज्याच्या यादीत असलेलं बिरादरीचं नाव केंद्राच्या यादीतही आहे का, ते तपासावं लागतं. दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा, त्यात ‘नॉन-क्रिमीलेअर’ हा उल्लेख हवा आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा हवा. घरात फ्रेम करून ठेवलेला मोठ्या भावाचा जुना दाखला इथे चालत नाही. दाखला नाकारला गेला तर मुलाची गणना खुल्या प्रवर्गात होते आणि राखीव प्रवर्गातून मिळालेली जागा हातची जाते.

जी घरं ओबीसीत येत नाहीत, त्यांच्यातली बरीच घरं आणखी एक दार बघतच नाहीत. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी, म्हणजे ईडब्ल्यूएससाठी, दहा टक्के जागा आहेत. इतर कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्या आणि वर्षाला आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबाला, जमीन-घराच्या अटीत बसत असल्यास, त्या मिळू शकतात. धर्माची अट नाही. पाच एकर किंवा जास्त शेती, अथवा हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट असेल, तर मात्र हा दाखला मिळत नाही. शेख, सय्यद, पठाण अशा कितीतरी घरांतले पालक आम्हाला विचारतात, “ते तर त्यांच्यासाठी आहे ना?” नाही. ते तुमच्यासाठीही आहे. आणि जळगावकडच्या तडवी बिरादरीची गणना अनुसूचित जमातीत होते. तिथल्या मुलांसाठी तर हे दार आणखी रुंद आहे.

फीचा आकडा ऐकून मागे फिरू नका

आयआयटीची शिकवणी फी वर्षाला दोन लाख आहे, असं कळलं की पुष्कळ घरं तिथेच थांबतात. व्याजी कर्ज घ्यायचं नाही, हा अनेक घरांचा ठाम विचार असतो आणि तो आम्ही समजू शकतो. पण कर्जाचा प्रश्न येण्याआधी माफीचा नियम वाचा. २०१६ मध्ये फी वाढली तेव्हाच ठरलं, की ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखापेक्षा कमी आहे त्यांना शिकवणी फी पूर्ण माफ आणि एक ते पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ असते. हॉस्टेल आणि मेसचा खर्च वेगळा. तरी हिशेब करून पाहिला, तर शहरातल्या कित्येक खासगी कॉलेजांपेक्षा हा खर्च कमी भरतो. यासाठीही उत्पन्नाचा दाखला लागतोच. म्हणजे पुन्हा कागद.

मुलीच्या अम्मीसाठी

२०१८ पासून आयआयटींत मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या आणि २०२० पर्यंत त्यांचं प्रमाण वीस टक्क्यांवर नेण्याचं ठरलं. त्याआधी एखाद्या वर्गात शंभरात आठ-दहाच मुली दिसायच्या. या जागा मुलांच्या जागांतून कापलेल्या नाहीत, वरून वाढवलेल्या आहेत. त्यामुळे मुलींच्या यादीत शाखा मुलांपेक्षा बऱ्याच खालच्या रँकपर्यंत जातात. म्हणजे मुलाची आणि मुलीची रँक एकच असेल, तर मुलीला चांगली शाखा मिळण्याची शक्यता जास्त असते. ही सवलत जाहीर आहे, कायदेशीर आहे आणि ती घेण्यात कमीपणा नाही.

हॉस्टेलची काळजी प्रत्येक अम्मीला असते. मुलींची हॉस्टेलं संस्थेच्या आवारातच आणि वेगळी असतात. जेवणाचं, नमाजचं, सुट्टीत येण्या-जाण्याचं काय, ते तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीशी थेट बोलून विचारावं. पाहुण्यांच्या ऐकीव गोष्टींवर मुलीचं भविष्य ठरवू नये.

ही घरं कुणाची?

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं होतं, की त्या वेळी आयआयटींच्या वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत मिळून २७,१६१ विद्यार्थी होते आणि त्यांत मुस्लिम ८९४. हा आकडा वाचून कुणालाही चटका बसेल. पण हा तुटवडा जूनमधल्या त्या संध्याकाळी तयार होत नाही. तो तयार होतो सहावी-सातवीत अपूर्णांकांशी अडलेल्या मुलाला कुणी हात दिला नाही तेव्हा. नववीनंतर “आता दुकानावर बस” म्हटलं जातं तेव्हा. शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली वर्षभर सापडत नाही तेव्हा. संगणकाच्या पडद्यावरचा निकाल या सगळ्याची शेवटची बेरीज दाखवतो, एवढंच.

आणि “तिथे आपलं काय काम” म्हणणाऱ्यांना आम्ही एक तारीख सांगतो. १८ ऑगस्ट १९५१. त्या दिवशी खरगपूरला देशातल्या पहिल्या आयआयटीचं उद्घाटन झालं. जागा होती हिजलीची. इंग्रजांनी स्वातंत्र्यसैनिकांना डांबण्यासाठी वापरलेली छावणी. उद्घाटन केलं शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी, ज्यांनी स्वतः आयुष्याची कित्येक वर्षं कैदेत काढली होती. कैदखान्याची शाळा होताना त्यांनी पाहिली. त्या दारावर आपलाही हक्क आहे, हे मुलांना वेगळं पटवून द्यायला नको, तारीख सांगितली तरी पुरे.

जागा नाही आली तर

कितीही तयारी केली तरी हिशेब हाच राहणार, की बसणाऱ्यांतल्या बहुतेकांना आयआयटी मिळणार नाही. तेव्हा या बाजूचीही तयारी हवी.

निकाल उघडतो तेव्हा मूल पडदा वाचतं आणि लगेच अम्मी-अब्बांच्या चेहऱ्याकडे बघतं. त्या क्षणी घरातून काय ऐकू येतं, ते त्याला वर्षानुवर्षं आठवतं. “आम्ही एवढा खर्च केला” हे वाक्य त्या रात्री नको. “चाचाच्या मुलाला बघ” हे तर कधीच नको. “नसीबात नव्हतं” हेही लगेच नको. दोन वर्षं रात्री जागलेल्या मुलाला ते ऐकून वाटतं, की आपली मेहनत कुणी बघितलीच नाही. तकदीरवर आपला विश्वास आहेच, पण तो धीर देण्यासाठी असतो, बोलणं संपवण्यासाठी नाही. आधी जेवण वाढावं. नातेवाइकांचे फोन अब्बांनी घ्यावेत आणि एकाच वाक्यात आटोपावेत. “रँक आली आहे, पुढचं बघतोय.” मूल खोलीत गप्प बसून राहिलं, झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलू लागलं, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटं ठेवू नये आणि डॉक्टरांना दाखवायला लाजू नये. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते.

मग दोन दिवसांनी नकाशा पसरावा. एनआयटींत निम्म्या जागा त्या-त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. आपल्या राज्यासाठी ती संस्था म्हणजे नागपूरची व्हीएनआयटी. जोसानंतर एनआयटी आणि ट्रिपल आयटींच्या उरलेल्या जागांसाठी खास फेऱ्या होतात. राज्याच्या सीईटीतून पुण्याचं १८५४ पासूनचं सीओईपी, मुंबईचं १८८७ पासूनचं व्हीजेटीआय आणि माटुंग्याची आयसीटी यांची दारं उघडतात. म्हणून सीईटीचा अर्ज “आयआयटीच मिळणार” म्हणत सोडू नये. विज्ञानाचीच गोडी असेल तर आयसर आहेत.

आयआयटीतही पुन्हा जाता येतं. बारावीनंतर सलग दुसऱ्या वर्षी ॲडव्हान्स्ड देता येते, पण एकूण दोनच संधी असतात. ज्याने यंदा आयआयटीची जागा घेतली आणि शेवटच्या फेरीआधी सोडली नाही, त्याला पुढच्या वर्षी बसता येत नाही. एनआयटीवाल्याला बसता येतं. वर्ष थांबायचं की नाही, ते मुलाच्या मनाची ताकद बघून ठरवा, मोहल्ल्याच्या अपेक्षेवरून नको. इंजिनिअरिंगनंतर गेट देऊन एम.टेक.ला, बी.एस्सी.नंतर जॅम देऊन एम.एस्सी.ला आयआयटीत जाता येतं. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला तर जेईई लागतच नाही. त्याची स्वतःची पात्रता परीक्षा आहे.

पवईच्या किंवा खरगपूरच्या वर्गात बसायला मिळणं मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण ४८ हजारांतल्या तीस हजारांना जागा पुरली नाही, म्हणून त्यांचं गणित कच्चं ठरत नाही. जागा संपल्या, त्यांची अक्कल संपली नाही. आमच्या शाळेतली जी मुलगी त्या तीन दिवसांत बाहेर पडली, ती पुढे राज्याच्या सीईटीतून इंजिनिअर झाली. धाकट्या भावाची यादी भरायला तीच बसली होती आणि या वेळी कागदांची फाइल मे महिन्यातच तयार होती.

ज्या घरात यंदा अकरावीचं मूल आहे, त्या घरातल्या मोठ्यांनी एक काम आजच करावं. आपली बिरादरी केंद्राच्या यादीत आहे का ते पाहावं, नसेल तर ईडब्ल्यूएसच्या अटी वाचाव्यात आणि कॅलेंडरवर पुढच्या वर्षीच्या एप्रिलचा पहिला आठवडा तहसील कार्यालयासाठी राखून ठेवावा. अभ्यास मूल करेल. रांगेत उभं राहणं आपलं काम आहे.